पाहिलं

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या दारावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि आमोस वरठा नावाच्या परिचरानं त्या कपाटाला अकरा वर्षं हात लावलेला नव्हता. २०१४च्या जूनमध्ये मी तिथं विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "आमोसभाऊ, बाकीची प्रयोगशाळा आरशासारखी, आणि या कपाटावर एवढी धूळ का?"

"लिवलाय ना, बाय."

"अहो, पण कुणी लिहिलंय?"

"ते नाय लिवलेलं."

मी नखानं ती चिठ्ठी खरवडून काढली. ती निघाल्याबरोबर त्यांनी बादली आणली आणि तासाभरात कपाट आतून-बाहेरून लख्ख केलं. आत उंदरानं कुरतडलेले गाळणकागद होते आणि एक रिकामी डबी. मला हसू आवरेना. ते मात्र त्या चिठ्ठीचे कपटे गोळा करत होते, कुणाचा तरी शब्द मोडल्यासारखा चेहरा करून.

पुढची पाच वर्षं मी या माणसाशी भांडले. त्यातलं एकच भांडण मी जिंकले. त्या भांडणात एका मुलीचा जीव पणाला लागला होता, त्यामुळे जिंकल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण आनंदही कधी झाला नाही.

शाळा तलासरीच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत. मी घोलवडची, चिकूच्या वाडीत वाढलेली. रोज सकाळी एसटी, मग जीप, मग थोडं चालणं. मी पोचायच्या आधी प्रयोगशाळेच्या खिडक्या उघडलेल्या असत आणि आमोसभाऊ खिडकीपाशी उभं राहून बायबल वाचत असत, शब्दाखाली बोट धरून. पन्नाशीचा सडसडीत माणूस. सदऱ्याची वरची गुंडीही लावलेली. बोलणं वारली वळणाचं, पण शास्त्रातलं काही सांगायचं झालं की एकदम छापील मराठी सुरू व्हायची. 'शास्त्र' हा आमच्यात कायमचा घोळ होता. मी शास्त्र म्हटलं की विज्ञान, त्यांनी म्हटलं की पवित्र शास्त्र.

नाव त्यांनी स्वतः घेतलेलं. विशीत प्रार्थनेला जाऊ लागले, तेव्हा डोळे मिटून बायबल उघडलं आणि जिथं बोट पडलं ते नाव ठेवलं. हेडसर त्यांना 'आमोशा' म्हणायचे. ते कधी रागावले नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "शास्त्रातला आमोस संदेष्टा भूकंपाच्या दोन वरसां आधी बोलला. पहिल्याच ओळीत लिवलाय." आम्ही शिक्षकखोलीत पोट धरून हसलो. भूकंप म्हणजे तिकडे कोयनेला, नाहीतर लातूरला. आमच्याकडे कशाचा आलाय भूकंप.

पहिलं भांडण अंतराळावरून झालं. मी आठवीला शिकवत होते की अंतराळात हवा नाही, पाणी नाही. मागे चंचुपात्रं धुणारे आमोसभाऊ शांतपणे म्हणाले, "अंतराळाच्या वर पाणी आहे, बाई." वर्ग खदाखदा हसला. तास संपल्यावर त्यांनी पुस्तकाचं पहिलंच पान माझ्यापुढे धरलं. खालचं पाणी आणि वरचं पाणी वेगळं करायला देवानं मधे अंतराळ केलं, असं तिथं होतं. शब्द तोच, अंतराळ. मी म्हटलं, तो जुन्या काळातल्या माणसांचा समज, आणि भाषांतर करणाऱ्याला दुसरा शब्द सुचला नसेल. त्यांनी माझं पाठ्यपुस्तक उघडून शेजारी ठेवलं. दोन्हीकडे बोट ठेवलं. "अक्षर तर एकच हाय. मग दोन अंतराळां कशी?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून मी पुढची चार वर्षं त्यांची थट्टा केली. जोराचा पाऊस आला की विचारायची, "काय आमोसभाऊ, वरची टाकी फुटली का?" ते हसायचे. त्यांचे वरचे दोन दात किडलेले होते आणि हसताना ते तोंडावर हात धरायचे.

माणूस हट्टी होता, पण बंद डोक्याचा नव्हता. मी घरचे चिकू आणायची, ते आवडीनं खायचे. एकदा बोलता बोलता मी सांगितलं की चिकूचं कलम आम्ही रायणीच्या खुंटावर बांधतो. झालं. हातातला चिकू खाली ठेवला. प्रत्येक झाडाला आपापल्या जातीप्रमाणे फळ यावं असं शास्त्रात होतं, आणि इथे मूळ रायणीचं, फळ चिकूचं. आठवडाभर त्यांनी चिकूला तोंड लावलं नाही. मग एका रविवारी स्वतः घोलवडला आले, आमच्या वाडीत उकिडवे बसून जुन्या झाडाच्या बुंध्यावरचा जोड निरखला, खालची साल चाचपली, वरची चाचपली. "खालून रायणच फुटते, वर चिकूच लागतो," म्हणाले. "जात कोणी सोडली नाय." आणि तिथंच एक चिकू सोलून खाल्ला. प्रत्यक्ष जाऊन बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हे माझ्या किती विद्यार्थ्यांना मी शिकवू शकले, देव जाणे.

त्यांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून नमुन्यांच्या चिठ्ठ्या तेच लिहायचे. काळ्या पाषाणाच्या तुकड्यासाठी मी मजकूर दिला: 'बेसाल्ट. वय अंदाजे साडेसहा कोटी वर्षे.' दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लागली होती. खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात आणखी चार शब्द होते: 'असे बाई सांगतात. आमोस.' त्यांच्या हिशेबानं सगळी सृष्टी मिळून सहा हजार वर्षांची. मी चिडले, पण चिठ्ठी बदलायला त्यांनी नकार दिला. मीही ती काढली नाही. खोटं तर काही लिहिलेलं नव्हतं.

आणि एक लंबकाचा प्रसंग सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बाहेरचे तपासनीस येणार होते. गुरुत्वत्वरणाची नमुन्याची वही आमोसभाऊंनी भरायची होती. त्यांनी दोरा मोजला, झोके मोजले, उत्तर आलं नऊ पूर्णांक दोन. यायला हवं नऊ पूर्णांक आठ. घड्याळच जुनं होतं. मी म्हटलं, "आठ लिहून टाका, सगळेच लिहितात." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"बाय, दिसलं नाय ते कसं लिवू?"

"अहो, बरोबर उत्तर पुस्तकात छापलेलं आहे. तुमचा पुस्तकावर एवढा विश्वास ना?"

"पुस्तकात पुस्तकाचं. वहीत माझ्या डोळ्यांचं."

तपासनीसांसाठी दुसरी वही मीच लिहिली. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला त्यांचा थोडा धाक वाटू लागला.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती त्यांची मुलगी रूथ माझ्या वर्गात आली तेव्हा. पाडा खाली, आणि यांचं घर वर एकटंच, काळ्या कातळावर. शहाण्या माणसानं घर खडकावर बांधलं असं येशूनं सांगितलंय, म्हणून यांनी अक्षरशः खडक शोधला होता. पक्क्या विटांचं घर. वहिनी बिचाऱ्या खालच्या विहिरीवरून हंडे चढवायच्या. शेजारी त्यांच्या आईची झोपडी होती, कारवीच्या काटक्यांच्या कुडाची, शेणामातीनं सारवलेली. म्हातारी विटांच्या घरात पाऊल ठेवत नसे. मला म्हणाली, "भिंत मेलेली असते, पोरी. कूड जिता असतो." ती अजून धरतरीला पुजायची, आणि आमोसभाऊ आईशी त्यावरून कधी वाद घालत नसत. रूथची खाट पश्चिमेच्या उंच भिंतीला लागून, खिडकीखाली होती. अभ्यासाला उजेड मिळावा म्हणून त्यांनी मुद्दाम ती तिथं ठेवली होती.

२०१८च्या नोव्हेंबरात सुरू झालं.

ज्यांनी ते अनुभवलं नाही त्यांना वाटतं की जमीन हलते, एवढंच. हलणं नंतरचं. आधी आवाज यायचा, खोलवरून, कुणी जड पेटी फरशीवरून ओढावी तसा. मग कपाटातल्या परीक्षानळ्या किणकिणायच्या. मग कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा सांगाडा दात वाजवायचा. आणि मग आपण. हा क्रम इतका ठरलेला होता की पेटी ओढल्याचा आवाज आला की सगळा वर्ग मान वळवून सांगाड्याकडे बघायचा. आणि कधी कधी सांगाडा हलायचाच नाही. नुसताच आवाज, मग शांतता. ते जास्त वाईट.

लंबकाचं तर विचारूच नका. सकाळी कुलूप काढून आत जावं, तर स्टँडला टांगलेला गोळा बंद खोलीत आपला आपण झुलत असायचा. फार नाही, बोटभर. त्या हिवाळ्यात तो स्थिर असलेला मी बघितला नाही. मी तो काढून खणात ठेवला, तर आमोसभाऊंनी परत टांगला. "आपण बघितला नाय म्हणून थांबणार हाय का?" म्हणाले.

पाड्यात भर दुपारी सगळी माणसं अंगणात बसलेली असत. चुली बाहेर, खाटा बाहेर, ताडपत्रीखाली. एकाही घराचं दार लावलेलं नसे. त्या रांगेतून चालताना दोन्ही बाजूंनी उघड्या दारांतून आतला काळोख दिसायचा आणि कुणीच मोठ्यानं बोलायचं नाही. पोरंसुद्धा. मी मुलांना खडकातले ताण, भेगा, सगळं फळ्यावर काढून समजावत होते. आणि मधे मधे स्वतःच मागे वळून सांगाड्याकडे बघत होते.

मग धक्के मोजणारं यंत्र आलं. मोजमाप करणारी माणसं शहरातून आली आणि प्रयोगशाळेला लागून असलेल्या छोट्या खोलीत त्यांनी ते बसवलं, कारण खाली सलग कातळ होता. त्यांच्यातल्या एका तरुणानं सहज सांगितलं, "तुम्हाला जाणवतात ते थोडेच. बाकी कितीतरी जाणवतही नाहीत." खोलीची किल्ली आणि एक नोंदवही आमोसभाऊंकडे दिली. माणसांना जाणवलेला प्रत्येक धक्का लिहायचा. रकाने आखलेले होते: तारीख, वेळ, आवाज, जोर, आणि शेवटचा शेरा.

पंधरा दिवसांनी मी ती वही चाळली. तारखा, वेळा, मोत्यासारखं अक्षर. आणि शेऱ्याच्या रकान्यात, प्रत्येक ओळीत, पानामागून पान, एकच शब्द: पाहिलं. पाहिलं. पाहिलं.

"हे काय लिहिलंय, आमोसभाऊ?"

ते एकदम छापील मराठीत गेले. देवानं पृथ्वी तिच्या पायावर अशी बसवली आहे की ती ढळणार नाही, असं एका स्तोत्रात आहे.

"मग झालं की! हलतेय ना रोज?"

"ढळणार नाय लिवलाय, बाय. हालणार नाय असं कठं लिवलाय? ढळणं वेगळं, हालणं वेगळं." बोट त्याच स्तोत्रात खाली सरकलं. तिथं होतं की तो पृथ्वीकडे नुसता बघतो आणि ती कापते. "तो बघतो तवा हालते. म्हणून मी लिवतो, पाहिलं."

"आणि जाणवतही नाहीत ते इतके धक्के?"

"तवा पण बघतोच ना." मग म्हणाले, "येवढा आमच्याकडेच का बघतो, ते समजत नाय. काय तरी शोधतो तो."

खोलीत आम्ही दोघंच होतो, बाहेर उन्हात मुलं कवायत करत होती. तरी मी वर छताकडे बघितलं. मला स्वतःचा राग आला.

तालुक्याहून एक साहेब वही तपासायला आले, तेव्हा तर कहरच झाला. कचेरीत कागद तपासला की साहेब त्यावर 'पाहिले' लिहून सही करतात, हे कुणालाही माहीत आहे. साहेबांना वाटलं, शाळेचा परिचर पानापानावर स्वतःच तपासणीचा शेरा मारतोय. ते तांबडेलाल झाले.

"पाहिलं? पाहिलं लिहिणारे तुम्ही कोण? हा अधिकार कुणाचा?"

"माझा नाय, साहेब. मी कोण? त्यानं पाहिलं."

"त्यानं म्हणजे? तुमच्या आधी कोण अधिकारी येऊन गेला?"

आमोसभाऊंनी वर बोट केलं. हेडसर खोकायला लागले. साहेबांनी बोटाच्या दिशेनं वर बघितलं, मग वहीकडे, मग टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे. आम्ही सगळेच त्या पेल्याकडे बघत राहिलो. काही झालं नाही. पाण्यावर साधा तरंगही उठला नाही. साहेबांनी खिशातून पेन काढलं, पानाच्या खाली स्वतःचं 'पाहिले' लिहायला गेले, आणि लिहिता लिहिता थांबले. नुसतीच सही करून निघून गेले.

ती गंमत आम्ही दोन दिवस सांगितली. तिसऱ्या दिवशी रूथ वर्गात बसल्या बसल्या झोपली. मी तिला बाहेर नेलं, तोंड धुवायला लावलं. खालचा सगळा पाडा ताडपत्रीखाली झोपतो हे मला माहीत होतं. मी विचारलं, "तुम्ही बाहेर नाही झोपत?"

"नाय बाय. घरातच."

"अगं, भिंतींना भेगा पडल्यात ना?"

"पडल्यात. माझ्या खाटेवर माती पडते." मग डोळे पुसत म्हणाली, "बाबा बोलतात, घर खडकावर हाय, पडणार नाय. तो तेच बघायला येतो. तो आला आणि आपून घरात नसलो तर?"

त्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी सरळ कातळावर गेले. पश्चिमेच्या भिंतीत कोपऱ्यातून खाली गेलेल्या भेगेत माझी दोन बोटं गेली. खाली रूथची खाट, उशीवर माती. आमोसभाऊंनी मला पाणी दिलं. मी बसले नाही. बांधकामाचं, जोडाचं, वजनाचं जे जे मला येत होतं ते सगळं सांगितलं. वहिनी दारात पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. त्यांचं एकच: "लिवलाय, बाय."

मग मला त्यांचंच 'ढळणं' आणि 'हालणं' आठवलं.

"काढा पुस्तक," मी म्हटलं. "मला दाखवा काय लिहिलंय. एकेक शब्द वाचा."

त्यांनी वाचलं. पाऊस पडला, पूर आला, वारा सुटला आणि त्या घरावर आदळला, तरी ते पडलं नाही.

"पाऊस लिहिलाय," मी म्हटलं. "पूर लिहिलाय. वारा लिहिलाय. भूकंप कुठं लिहिलाय?"

त्यांचं बोट ओळीच्या सुरुवातीला गेलं. परत सरकलं. तिसऱ्यांदा सरकलं. ओठ हलत होते. मला वाटलं आता मागचं-पुढचं काहीतरी काढतील, वाद घालतील. त्यांनी पुस्तक मिटलं, रूथच्या खाटेचं एक टोक धरलं आणि वहिनींना दुसरं धरायला सांगितलं. खाट आईच्या झोपडीत गेली. म्हातारीनं जागा करून दिली. मी जिंकले होते आणि मला खूप बरं वाटत होतं. चक्क शीळ घालावीशी वाटली.

मला कातळाखाली सोडायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "भूकंपाचं लिवलं नाय. मग ह्याच्यात तो काय करतो, बाय?"

मी म्हटलं, "ते बघू नंतर."

आठ-दहा दिवस गेले. रूथला ताप होता, ती शाळेत नव्हती. आमोसभाऊ मधल्या सुट्टीत तिला औषध द्यायला घरी गेले होते. तेव्हा मोठा आला. त्याला आवाज आधी नव्हता, आवाज आणि हलणं दोन्ही एकदमच. सांगाडा खुंटीवरून निसटून फरशीवर पडला. आम्ही मुलांना मैदानात काढलं, मोजलं, पुन्हा मोजलं. सगळी होती. मी कातळाकडे बघितलं. वर धुळीचा लोट उभा होता.

अर्ध्या तासानं ते चालत आले. केसांत, पापण्यांवर विटांची लाल धूळ. "रूथ?" मी ओरडलेच.

"आयशीच्या कुडात हाय. बरी हाय." तेवढं बोलून त्यांनी खिशातून किल्ली काढली, यंत्राच्या खोलीत गेले आणि वही उघडली. पश्चिमेची भिंत आत पडली होती, खाट असायची त्या जागेवर. हे त्यांनी वेळेचा रकाना भरता भरता सांगितलं. आवाज: होता. जोर: फार. पेन्सिल शेऱ्याच्या रकान्यात आली आणि थांबली.

"भिंत डोलली तवा मी अंगणात होतो," ते म्हणाले. "म्हटलं, आता तो बघतोय. आपून पण बघू. मी वर बघितलं, बाय. भिंत पडेपर्यंत बघत होतो. आबाळ होतं नुसतं."

ज्या बाईनं चार वर्षं त्यांच्या टाकीची टिंगल केली, तीच मी घाईघाईनं म्हणाले, "अहो, रूथ वाचली ना? तीच त्याची नजर. लिहा, पाहिलं."

"रूथ तुमी वाचवली. तुमी बोलल्या, भूकंप लिवला नाय."

"असू दे हो. लिहा ना. काय बिघडतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लंबकाच्या वेळी बघितलं होतं तसं.

"दिसलं नाय ते कसं लिवू?"

आणि त्यांनी लिहिलं: नुसतं हाललं.

मी आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं आहे. वर कुणी नाही, खडकात ताण असतो, तो सुटतो, जमीन हलते. ते दोन शब्द म्हणजे माझाच धडा होता, त्यांच्या सुंदर अक्षरात. पण 'पाहिलं, पाहिलं, पाहिलं' असं भरलेलं पान आणि त्याखाली ती ओळ बघितली, आणि मला जी भीती वाटली ती त्या सबंध हिवाळ्यात वाटली नव्हती. कुणी बघत नव्हतं तरी हलत होतं. खोलीच्या भिंतीला टेकावं म्हणून मी हात नेला आणि परत घेतला.

त्यानंतरही त्यांनी नोंदी चुकवल्या नाहीत. फक्त शेऱ्याचा रकाना रिकामा राहू लागला. प्रार्थनेला जात, खिडकीपाशी उभे राहून वाचत, पण बोट एकाच ओळीवर बराच वेळ थांबलेलं दिसायचं. पाषाणाच्या चिठ्ठीवरचं 'असे बाई सांगतात' त्यांनी एक दिवस खोडून टाकलं. ते मला आवडायला हवं होतं. मी त्यांना पुन्हा लिहा म्हणाले, तर ते चंचुपात्रं धुवायला निघून गेले.

२०१९च्या जूनमध्ये माझी बदली डहाणूजवळच्या शाळेत झाली. निघाले त्या दिवशी हेडसरांनी नारळ दिला, रूथनं कण्हेरीची फुलं. जीप फाटकातून बाहेर पडत होती, आणि खालून ती पेटी ओढल्याचा आवाज आला. मैदानातली मुलं शिकवल्याप्रमाणे डोक्यावर हात घेऊन खाली बसली. सगळी मातीकडे बघत होती. शिक्षक मातीकडे, हेडसर मातीकडे, जीपवालासुद्धा आरशातून चाकाखाली बघत होता.

आमोसभाऊ यंत्राच्या खोलीच्या दारात उभे होते. एका हातावर वही उघडी, दुसऱ्या हातात पेन्सिल. मान पूर्ण मागे टाकून ते आभाळाकडे बघत होते, आणि पेन्सिल कागदापासून बोटभर वर थांबलेली होती. चेहऱ्यावर ऊन पडलं होतं, तरी डोळे मिटत नव्हते. जीप वळली आणि ते दिसेनासे झाले.

त्या ओळीपुढे त्यांनी काय लिहिलं, की काहीच लिहिलं नाही, हे एका फोनवर कळण्यासारखं आहे. मी अजून केलेला नाही. दोन्ही उत्तरांची मला भीती वाटते.